बिबड्याची पाठ

जळगाव, १२ मे १९९३

हिलाल,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची सवय आहे. आजही हात तिकडेच गेला होता, पण थांबवला. आज तुला द्यायला माझ्याकडे आशीर्वाद नाही.

आमचे विभागप्रमुख अभिमन सर काल नाशिकहून परत आले. तिथे डॉक्टरांच्या सभेत तू भाषण केलंस म्हणे. जळगावच्या कॉलेजात तयार झालेला स्पंज भाजलेल्या हातावर लावून पाहिला, तो निकामी निघाला, खाली पू झाला, शेवटी ओरबाडून काढावा लागला, असं तू सर्वांसमोर सांगितलंस. वर आणखी, 'माझ्याच बहिणीचं काम आहे, म्हणून जड मनाने सांगतो,' असंही म्हणालास. टाळ्या पडल्या का रे त्या वाक्याला?

हात कुणाचा ते मात्र सांगितलं नाहीस. 'एक प्रौढ महिला.' आई गेल्यावर जिने आपल्या दोघांना वाढवलं, ती वच्छलाकाकू तुझ्या भाषणात एक प्रौढ महिला झाली. ज्वारीच्या बिबड्यांचा, त्या पापडांचा, रटरटता घाटा चुलीवरून उतरवताना तिच्या हातून पातेलं निसटलं. घाटा पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो. उजवा तळहात आणि मनगट सोलून निघालं. तुझाच फोन आला होता मला, 'अक्का, तुझा स्पंज दे, नाहीतर बोटं आखडतील.' तेव्हा तुझा आवाज रडवेला होता. तो मी खरा मानला.

मी तुला काय सांगितलं होतं? कातड्याच्या पेजेचे ट्रे गोठवून तयार आहेत, पण आमच्याकडे वीज टिकत नाही, वाळवण्याचं यंत्र मध्येच बंद पडतं, थोडं थांब. तू म्हणालास, धुळ्याजवळच्या औषधांच्या कारखान्यात तसलंच यंत्र आहे, मी बोलून ठेवलंय. बर्फ आणि मीठ भरलेल्या पेटीत ट्रे ठेवून मी स्वतः तुझ्या जीपमध्ये चढवले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, 'झालं काम, यंत्रावर वाळवलं.' हे तुझे शब्द आहेत.

मग निकामी कसा निघाला? त्याच पेजेचे, इथे यंत्रावर वाळवलेले स्पंज मी सशांच्या जखमांवर लावलेत, आणि त्या जखमा भरल्यात. काय झालं ते मला सरळ लिही. सरांनी माझ्याकडून यंत्राच्या खोलीची किल्ली घेतली आहे. अपयशाचं कारण कळेपर्यंत काम बंद, असा कॉलेजच्या समितीचा हुकूम आहे. भावानेच साक्ष दिल्यावर परक्यांनी काय करावं?

इंदिरा


धुळे, २९ मे १९९३

हिलाल,

हे पत्र तुझ्याच दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. तू आत आहेस. 'साहेब ऑपरेशनमध्ये आहेत,' असं मला सकाळपासून सांगताहेत. एवढी ऑपरेशनं धुळ्यात होत असतील तर शहरात धड माणूस एकही उरला नसेल.

वॉर्डात काकूला भेटले. जखम भरते आहे, पण वाईट भरते आहे. कडेकडेने लाल, ताठ पट्टे आलेत आणि करंगळी आत वळायला लागली आहे. मी विचारलं, दुखतं का? तर म्हणाली, "नई माय, काही नई. हिलाल रोज दखस." रोज बघतोस म्हणे तू. तिचं दुखणं तिने कधी कबूल केलंय?

सुनंदाबाईंना विचारलं की स्पंज उरलाय का. नर्स म्हणून तुझ्याकडे इतकी वर्षं राहिलेली बाई, तिला वाटलं बहिणीला सगळं माहीतच असेल. कपाटातून उरलेला तुकडा काढून दिला. "तुमचाच आहे ताई, घेऊन जा."

हातात घेतला आणि लगेच दाबून पाहिला. माझा स्पंज हातात घेतला की पावासारखा दबतो आणि सोडला की वर येतो. हा चामड्यासारखा कडक. वाकवला तर कडकन मोडला. खिडकीशी नेऊन उलटा केला. पाठीवर बारीक उभे-आडवे धागे उमटलेले. धोतराची वीण. ओल्या धोतरावर थापलेल्या बिबड्याच्या पाठीवर येते तशीच.

तू ते धाब्यावर, छपरावरच्या उघड्या उन्हात वाळवलंस!

सुनंदाबाई मग बोलल्याच. वाटेत पारोळ्याजवळ जीप पंक्चर झाली, धुळ्याला पोचेपर्यंत पेटीत पाणी झालं होतं. कारखान्याकडे तू फिरकलासच नाहीस. "साहेबांनी स्वतः धोतर ओलं करून अंथरलं, ताई. कडक ऊन होतं. मी म्हटलं पण, कावळे येतील, तर मलाच काठी देऊन राखायला बसवलं." वाळल्यावर कापड उलटं करून पाण्याचा हबका मारला आणि अलगद सोडवलं, कुठे फाटू दिलं नाही, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. मला माहीत आहे ते कसब तुझ्यात कुठून आलं. दर चैत्रात काकूच्या धाब्यावर आपण दोघं तेच करायचो. तू अर्धे कच्चेच खायचास आणि तिला कावळ्यांचं नाव सांगायचास. तुझी ती खोड अजून गेली नाही.

काकूला मी सांगितलं की तिच्या हातावर काय लावलं गेलं होतं. तर डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून ती म्हणाली, "हिलालनं नाव काढू नको. पोरगा डॉक्टर शे, गावमा त्यानी इज्जत शे. मनी शपथ शे तुले."

तुझं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी आज आरडाओरडा न करता जाते आहे. पण शपथ माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. तू स्वतः समितीला लिहू शकतोस. दोन ओळी पुरतील.

इंदिरा


जळगाव, २० जुलै १९९३

हिलाल,

तुझं आंतरदेशीय पत्र मिळालं. तू लिहितोस, 'अक्का, पदार्थ तोच, ट्रे तेच. बर्फ वितळला होता, टाकून देण्यापेक्षा वाळवलं. वाळवणं म्हणजे वाळवणं, यंत्रात काय आणि उन्हात काय! स्पिरिटमध्ये बुडवून मगच लावला. पू झाला तो काकूच्या साखरेमुळे.'

चोर तो चोर आणि वर शिरजोर. आता काकूची साखर! उद्या म्हणशील तिचा तळहातच चुकीचा होता.

पदार्थ तोच असतो ना? मग ज्वारीही तीच असते. दळली की भाकरी होते, भट्टीत घातली की लाही होते, आंबवून शिजवली की बिबडा होतो. लाहीला पाण्यात टाक आणि बिबड्याला टाक. कोण पाणी पितं ते बघ. ज्वारी बदलली का? केलं काय, ते बदललं. माझी आठ वर्षं या एवढ्याशा गोष्टीत गेली आहेत आणि तू ती एका धोतरावर पसरलीस.

तू शिकलेला आहेस, तरी लिहिते, कारण शिकलेलं तू जीपमध्येच विसरलास. म्हशीच्या कातड्यातलं कोलॅजन धुऊन, आंबट पाण्यात फुगवून मी त्याची पेज करते. ती गोठवली की आत बर्फाचे खडे वाढतात आणि कोलॅजन त्यांच्या मधल्या फटींत ढकललं जातं. यंत्रात हवा ओढून घेतली की तो बर्फ पाणी न होता तसाच उडून जातो आणि त्याच्या जागा रिकाम्या राहतात. त्या जागा म्हणजेच स्पंज. बाकी सगळं भिंती. जखमेच्या कडेच्या पेशी त्या खोल्यांमधून आत शिरतात, संसार मांडतात, आणि मग भिंती हळूहळू विरून जातात. घाईने गोठवलं तर खोल्या इतक्या बारीक होतात की पेशी उंबऱ्यावरच बसून राहते. फार सावकाश गोठवलं तर भोकं ढोबळ होतात, कुल्फीत बर्फाचे खडे लागतात ना, तशी, आणि तिला टेकायला भिंत सापडत नाही. नुसता तो वेग जमवण्यात माझे दोन उन्हाळे गेले.

आणि तुझं काय झालं? बर्फ वितळला तेव्हाच घर पडलं. मग उन्हात पाणी आटताना त्याने ओल्या भिंती एकमेकींवर ओढून चिकटवल्या. त्यात खानदेशातलं एप्रिलचं ऊन, तापलेलं धाबं. ओलं कोलॅजन तापलं की त्याचा सरस होतो, सुतार वापरतो तो सरस. तू काकूच्या उघड्या मांसावर सरसाचं झाकण बसवलंस. खालचं पाणी कुठून निघणार होतं? पू होणार नाही तर काय होईल?

तो तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एक छिद्र नाही. शेजारी माझा ठेवला, तर जाळीच जाळी. हे दोन तुकडे समितीसमोर ठेवले की सगळं संपतं. पण मग विचारणार, हा कुणी वाळवला? आणि माझ्या डोक्यावर काकूचा हात आहे.

म्हणून मी मूग गिळून बसले आहे. समितीने परवा विचारलं, कारण सापडलं का? मी म्हटलं, शोधते आहे. त्यावर एक सदस्य हसून म्हणाले, 'बाई, रेसिपी चुकली असेल.' तुझ्यामुळे मला ते ऐकावं लागलं. मला तुझा राग येतो आहे, हिलाल, इतका की रस्त्यात धुळ्याची एस.टी. दिसली तरी मी तोंड फिरवते.

तू लिहीत का नाहीस? काकूला फिजिओथेरपीची पट्टी देऊन घरी पाठवलंस, आता हात दिसत नाही म्हणून लिहीत नाहीस का?

इंदिरा


पारोळा, १६ नोव्हेंबर १९९३

हिलाल,

काल भाऊबीज होती. तू आला नाहीस. कंपाउंडरबरोबर दोन साड्या पाठवल्यास, एक काकूला, एक मला. माझी जशीच्या तशी परत पाठवते आहे, या पत्राबरोबर. घडी मोडलेली नाही.

आता हात कसा आहे ते ऐक. विचारलं नाहीस तरी ऐक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताला टेकलं आहे. मधलं निम्म्यावर आहे. नखं आत रुततात, म्हणून ती मुठीत कापसाची वळी धरून असते. तुझी पट्टी तिने इमानाने बांधली. कातडीच ओढून धरते तिथे पट्टी काय करणार?

गल्लीत परवा बारशाचं जेवण होतं. काकू पंगतीत बसली आणि उजवा हात पदराखाली घेऊन डाव्या हाताने खायला लागली. शेजारच्या एकीने तिच्या पोरीला मोठ्याने सांगितलं, "डावा हाताने खाऊ नई बेटा." काकूने ताट अर्धं टाकलं आणि उठली. घरी आल्यावर मी चिडले तर मलाच म्हणते, "जाऊ दे ना माय, मी घरमाच जेवसू." जन्मभर ज्या हाताने गल्लीला बिबडे थापून दिले, तो हात पदराखाली लपवायची वेळ आली आहे तिच्यावर.

हे सुधारता येतं. तुलाही माहीत आहे. ती ओढणारी कातडी कापून, बोटं सरळ करून, उघड्या जागेवर नीट केलेला स्पंज बसवायचा आणि वर मांडीची पातळ कातडी. चालेलच, अशी खात्री मी देत नाही. माणसाच्या हातावर खरा स्पंज अजून बसलेलाच नाही, तो मान तू हुकवलास. पण संधी आहे. जितका उशीर, तितके सांधे आखडतील.

आणि स्पंज कुठून आणू? यंत्राच्या खोलीला कुलूप आहे. कारण सांगितल्याशिवाय कुलूप निघणार नाही. कारण तू आहेस. इतकं सरळ आहे सगळं. एका बाजूला तुझी अब्रू आहे आणि दुसऱ्या बाजूला काकूची मूठ. तू अब्रू कवटाळून बसला आहेस.

रात्रीपर्यंत अंगणात जीप वाजेल म्हणून ती ताटात दिवा ठेवून बसली होती. ओवाळायची मी आणि वाट बघायची ती. तेल संपल्यावर उठली.

संक्रांतीपर्यंत वाट बघेन. तोवर तू समितीला लिही. नाही लिहिलंस तर शपथेचं काय करायचं ते माझं मी बघेन.

इंदिरा


जळगाव, ६ मार्च १९९४

हिलाल,

संक्रांत गेली. तुझ्याकडून तिळगुळाचं पाकीट आलं. गोड बोला म्हणे.

मी शपथ मोडली. दोन्ही तुकडे आणि काकूकडचा एक बिबडा रुमालात बांधून समितीपुढे गेले. तिन्हींची पाठ वर करून भिंगाखाली ठेवली. काही समजवावं लागलं नाही. तेच 'रेसिपी'वाले गृहस्थ कितीतरी वेळ वाकून बघत होते. अभिमन सरांनी विचारलं, कुणी वाळवला हा? मी तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, पदवीसकट. आवाज चढला माझा, चढू दिला. नाशिकची ती सभा भरवणाऱ्या संस्थेला समितीने पत्र पाठवलं आहे, ते तुला एव्हाना कळलं असेल. तुझा फोन आला होता, मी घेतला नाही. 'अक्का असं करेल वाटलं नव्हतं,' असा निरोप ठेवलास. मलाही तू असं करशील वाटलं नव्हतं.

किल्ली त्याच दिवशी मिळाली. वीज टिकावी म्हणून सरांनी एका डाळ मिलकडून जनरेटर मागून आणला. स्पंज झाले. हाताने दाबून बघितले, भिंगाखाली बघितले, मग बंद पाकिटांत निर्जंतुक करून घेतले. माझ्या आठ वर्षांतले सगळ्यात चांगले आहेत हे. मला नाशिकचे एक मोठे सर्जनही मिळाले. हातांचंच काम करतात, फुकट करायला तयार झाले. मी तिकिटंही काढली.

शपथ मोडल्याचं काकूला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती माझ्याशी बोलेना. मी चहा केला तर चहा घेईना. मी म्हटलं, बोलू नकोस, पण नाशिकला चल. तेव्हा तोंड उघडलं.

"मी नाशिकले जावाव नई. हिलालले सांग. ज्यानी मूठ बंद करी, तोच खोली." ज्याने मूठ बंद केली, तोच ती उघडेल.

मी तिच्याशी भांडले. हो, त्या म्हातारीशी भांडले. म्हटलं, त्याच्या हातात पुन्हा हात देतेस? अक्कल आहे का? तो इतके महिने तोंड दाखवायला आला नाही! तर म्हणे, "म्हनूनच. मना हात दखीसन पयस ना तो? त्याले दखू दे." हाताकडे बघून पळतो ना, तर बघू दे त्याला. मला वाटत होतं ती तुला पाठीशी घालते आहे. ती तुला धरायला निघाली आहे. मी समितीत जे केलं त्याच्यापेक्षा ही शिक्षा मोठी आहे, आणि मला ती सुचली नव्हती.

तेव्हा ऐक. पुढच्या सोमवारी, १४ तारखेला, सकाळच्या एस.टी.ने मी निघते. पारोळ्याच्या स्टँडवर काकू चढेल. नाशिकचे सर्जन परस्पर धुळ्याला येऊन तुझ्या शेजारी उभे राहतील, त्यांनी ते मान्य केलं आहे. मी त्यांना विचारल्याशिवाय काकूला तुझ्या ताब्यात देणार नव्हते. कापायचं तू. स्पंजची पाकिटं माझ्या मांडीवर असतील आणि टेबलापाशी नेऊन मीच उघडीन. तुझ्या जीपमध्ये या वेळी काहीही चढणार नाही.

माफीचं काही बोलू नकोस. मला ती नको आहे, मी ती देणारही नाही, निदान इतक्यात नाही. बोटं सरळ झाली तर बघू. नाही झाली तर तू आणि मी दोघांनी रोज पारोळ्याला जाऊन तिला घास भरवायचा, पंगतीत, सगळ्यांदेखत.

काकू तुझ्यासाठी डबा आणणार आहे. यंदाचे बिबडे. मी नको म्हणत असताना तिने घाटा केला आणि डाव्या हाताने थापले. एकही गोल नाही. कुठे जाड, कुठे भोक, आणि प्रत्येकावर कडेला बंद मुठीचा ठसा, कारण कापड दाबून धरायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तळायच्या आधी एक हातात घे आणि नीट बघ.

साडेदहापर्यंत पोचू. स्टँडवर ये. डाव्या हाताने दांडा धरून तिला एस.टी.च्या पायऱ्या उतरता येत नाहीत.

अक्का